इंदूअक्कांचा हात

इंदूअक्कांवर लिहायचं असं मी किती वेळा ठरवलं आणि किती वेळा टाळलं, याचा आता मलाच कंटाळा आला आहे. गेल्या आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, पोटॅशियमचं चॅनेल एकाच प्रोटीनचं असतं की जोडीचं?" पुस्तकात उत्तर आहे, दोन ओळींचं. ते सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि ती खाली बसली, पण माझा उरलेला तास वाया गेला. फळ्याकडे तोंड करून मी काहीबाही खरडत राहिलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "चेहरा असा का?" म्हटलं, काही नाही, दमलोय. ते खोटं नव्हतं. पण हे दमणं त्या दिवसाचं नव्हतं, पंचवीसेक वर्षांपूर्वीचं होतं.

नव्वदीच्या मध्यावर मी साताऱ्याहून बंगळूरला पीएचडी करायला गेलो. संस्था शहराच्या उत्तरेला, झाडांत बुडालेली. पहिल्या दिवशी कुणी तरी मला एका लांबट खोलीत नेऊन सोडलं आणि पसार झालं. खोलीत पाण्याच्या टाक्या, त्यांचा शेवाळी वास, आणि टेबलाशी पाठमोरी उभी असलेली एक ठेंगणी बाई. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, पदर खोचलेला, अंबाड्यात पेन. समोर बर्फावर तळहाताएवढी एक सपाट बेडकी झोपवलेली. बाई तिच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणत होत्या, "स्वल्प ताळम्मा, स्वल्प ताळ." म्हणजे, जरा सोस गं बाई. मग त्यांनी कात्री उचलली.

मला भोवळ यायची बाकी होती. त्यांनी मागे न बघताच विचारलं, "नवा का तू? महाराष्ट्राकडचा?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"दारात चपला काढून आलास की. इथे कोणी काढत नाही." मग माझ्याकडे वळून त्या चक्क हसल्या. "बसून घे तम्मा. पडशील तर मला दोघांना शिवावं लागेल."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पुढची दोन वर्षं त्या खोलीत मला दुसरं नाव नव्हतं.

इंदूअक्का मराठी होत्या, पण त्यांचं मराठी आमचं नव्हे. शहाजीराजांच्या वेळी त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींची बेमालूम भेसळ. "करून टाकते" असं आपण म्हणतो, त्या "करून सोडते" म्हणायच्या. होकाराला "सरी". नकाराला नुसती मान, आणि ती हलली की विषय संपला. मी कधी पुणेरी ठसक्यात काही बोललो की त्या डोळे बारीक करायच्या. "वर्तमानपत्र वाचतोस का बोलतोस रे?"

आमच्या प्रयोगशाळेचं काम थोडक्यात सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. आपल्या पेशींच्या पापुद्र्यात बारीक दारं असतात. व्होल्टेज बदललं की ती उघडतात, आतलं पोटॅशियम बाहेर जातं, आणि हृदय एक ठोका संपवून पुढच्या ठोक्याला तयार होतं. या दारांना चॅनेल म्हणतात. एखादं प्रोटीन असं दार बनवतं का, हे पाहायचं तर त्याचा आरएनए बेडकीच्या अंड्यात टोचायचा. अंडं मोहरीएवढं, अर्धं काळपट, अर्धं दुधी. दोनतीन दिवसांत अंडं ते प्रोटीन बनवतं. मग त्यात काचेच्या दोन सुया खुपसून करंट मोजायचा. करंट आला तर दार आहे.

आमचे प्रमुख डॉ. सबनीस. पुण्याचे, अमेरिकेत दहा वर्षं काढून परत आलेले. त्यांच्या हाती एक इवलंसं प्रोटीन होतं. चॅनेल बनवणारी प्रोटीनं चांगली आडदांड असतात, हे त्यांच्यापुढे चिलट. तरी ते अंड्यात घातलं की करंट यायचा, संथ, जांभई दिल्यासारखा सावकाश चढणारा. एवढंसं पिल्लू एकट्याने दार कसं बनवतं, हाच सरांचा ध्यास होता. जगातही तेव्हा बहुतेकांना ते एकटंच वाटत होतं. त्यामुळे सरांना वेड्यात काढायचं कारण नाही.

आणि या सगळ्याचा भार होता अक्कांच्या उजव्या हातावर. बेडकी कापायची त्यांनी, अंडी काढायची, सोलायची, निवडायची त्यांनी, आणि टोचायची त्यांनी. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची सुई अंड्यापाशी आणायच्या, श्वास धरायच्या, आणि अंडं किंचित फुगलं की सुई बाहेर. तासाला शंभर. एकही फुटायचं नाही. बाहेरगावची माणसं येऊन तो हात बघून जायची. अक्का त्या हाताला साबण लावत नसत, तेल लावत नसत. बेडकीची कातडी सगळं पिते म्हणायच्या, आपलं पाप तिच्या अंगात कशाला?

पाप हा शब्द त्या सहज वापरायच्या. कडक वैष्णव घर, कांदा-लसूणसुद्धा जेमतेम, आणि पोटासाठी बेडक्या कापायच्या. यातून त्यांनी आपली वाट काढली होती. एकादशीला बेडकी कापायची नाही. सबनीस सर नवे असताना यावरून भडकले होते म्हणे. "अक्का, धिस इज अ लॅब, मठ नाही!" अक्कांनी एकदाच सांगितलं, "सर, त्या दिवशी माझा हात उचलत नाही," आणि मान हलवली. सरांनी महिनाभर आदळआपट केली. मग एक दिवस फळ्यावरच्या वेळापत्रकात त्यांच्याच अक्षरात लाल खडूने दोन एकादश्या उमटल्या. मी गेलो तेव्हा ते इतकं रुळलं होतं, की आमच्यातला एक केरळी ख्रिस्ती मुलगासुद्धा "धिस वीक एकादशी, सो नो एग्स" असं बिनदिक्कत सांगायचा.

एकदाच सांगायचं, हा त्यांचा नियम. "दुसऱ्यांदा सांगितलं की ते मागणं होतं तम्मा." हा नियम मला तेव्हा भारी वाटला होता. आज वाटत नाही.

बेडक्या बारा होत्या आणि अक्कांनी त्यांना नद्यांची नावं दिली होती. कावेरी, तुंगा, भद्रा, हेमावती, शरावती, नेत्रावती. पाठीवरच्या ठिपक्यांवरून त्या ओळखायच्या. आम्हाला बाराही सारख्याच दिसत. एका बेडकीची थोडी अंडी काढून, टाके घालून, तिला काही महिने विसावा द्यायचा असतो. चुकून लवकर कापली तर मरते. म्हणून अक्का स्वतःची एक वही ठेवायच्या. प्रयोगशाळेच्या नोंदी तारखेप्रमाणे आणि आरएनएप्रमाणे. अक्कांची वही बेडकीप्रमाणे. पानावर नाव कावेरी. खाली कधी कापली, किती टाके, खाल्लं का, अंडी कशी, आणि त्या अंड्यांत करंट किती आला. ते शेवटचं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिच्या पोटचं आहे. वाया गेलं की कामाला आलं ते लिहून नको का सोडायला?"

सर ती वही बघून हसायचे. "अक्कांचं बेडूकपुराण," म्हणायचे. सरांचा हिशोब सरासरीचा. सगळ्या अंड्यांचे आकडे एकत्र करायचे, सरासरी काढायची, आलेख काढायचा. अंडं कुणाचं, हा प्रश्नच त्यांच्या लेखी नव्हता. अंडं म्हणजे भांडं.

एक गोष्ट मात्र सरांनाही छळत होती. आरएनए दुप्पट टोचला, चौपट टोचला, तरी करंट एका मर्यादेपुढे जायचा नाही. दार बनवणारा माल वाढवला तर दारं वाढायला नकोत? सर फळ्यापुढे केस ओढत उभे. अक्का अंडी धूत होत्या. म्हणाल्या, "सोडा कितीही घाला सर, पीठच मूठभर असेल तर इडल्या चारच."

सगळे हसले. सरही हसले. मीही हसलो. चार वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईने फुकटात दिलं होतं, आणि आम्ही शिकलेली गाढवं इडलीचा विनोद समजून चहाला गेलो.

आता त्यांच्या दुखण्याचं सांगतो. अक्का सोळा वर्षं हंगामी होत्या. एक प्रोजेक्ट संपला की दुसऱ्यावर, तो संपला की तिसऱ्यावर. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून बनशंकरीला भावाकडे. तिथून मॅजेस्टिकला बस बदलून रोज इकडे. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नव्हे, पण हॉलमध्ये पडद्याआड एक खाट एवढंच त्यांचं घर. पाहुणे आले की पडदा ओढायचा आणि आत शब्दही न करता बसायचं. संस्थेत कायम झाल्या असत्या तर आवारातलं क्वार्टर मिळालं असतं. ते त्यांनी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. दोन खोल्या, मागे तगरीचं झाड, बरीच वर्षं कुलूप. जेवणाच्या सुट्टीत त्या फिरायला म्हणून तिकडे जायच्या. एकदा मला घेऊन गेल्या. गजातून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "इथे मी देव मांडीन, इथे खाट. दाराला पडदा लावायचा नाही हं तम्मा. दार लावून घेईन."

त्या वर्षी अखेर एक कायम जागा निघाली. मुलाखतीची कमिटी जुलैत बसायची होती. सबनीस सरांनी शिफारसपत्र लिहायचं, की काम झालं. सर म्हणालेही, "अक्का, तुमच्याशिवाय आहे कोण?"

आणि त्याच उन्हाळ्यात करंट यायचा थांबला.

रोज नव्हे. एखादा आठवडा चांगला जायचा, मग एक आठवडा पूर्ण कोरडा. सरांचा मोठा लेख परीक्षकांकडून परत आला होता, दुरुस्त्या मागितल्या होत्या, वेळ थोडा. आरएनए बदलला, मीठपाणी बदललं, सुया बदलल्या, आसपासच्या विजेची खरखर मोजणीत येऊ नये म्हणून यंत्राभोवती कोंबड्यांच्या जाळीचा नवा पिंजरा आणला. कोरडे आठवडे येतच राहिले. सरांची झोप उडाली. ते वाईट नव्हते हो. थकलेला माणूस जवळचं कारण शोधतो, तसं त्यांनी शोधलं.

अक्का तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. एक दिवस सर त्यांच्या मागे उभे राहून टोचणं बघत राहिले. मग म्हणाले, "अक्का, हाताला कंप आहे का थोडा?"

"नाही सर."

"बी फ्रँक. वयोमानाने होतं. आरएनए आत न जाता बाहेर सांडत असेल."

अक्कांनी सुई खाली ठेवली. "सर, भद्राच्या अंड्यांत येत नाही. हेमावतीच्यातही कमीच. कावेरी, तुंगा यांच्यात येतं. हात तोच आहे. दुसऱ्या कोणी टोचून बघावं."

"अक्का, प्लीज! बेडकीला दोष देऊ नका. आख्खं जग बेडकीची अंडी वापरतं."

अक्कांनी ते परत सांगितलं नाही. त्यांचं एकदा सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून टोचायचं काम माझ्याकडे आलं. अक्कांकडे उरल्या टाक्या, अंडी काढणं, निवडणं आणि भांडी धुणं. पहिल्या सकाळी त्यांनी निवडलेल्या अंड्यांची बशी माझ्यापुढे ठेवली, मला सुई कशी धरायची ते दाखवलं, आणि माझा हात स्वतःच्या हाताने धरून स्थिर केला. "श्वास सोडू नकोस. संपेतो सोडू नकोस." त्यांचा हात गार होता आणि दगडासारखा स्थिर होता. मला तेव्हाच कळलं, की या हाताला काही झालेलं नाही.

महिनाभरात मला बरं जमायला लागलं. कावेरीच्या अंड्यांत करंट आला, सरांनी पाठ थोपटली, "सी? इट वॉज द हँड!" अक्का खोलीतच होत्या. नंतर भद्राची पाळी आली. शून्य. सर म्हणाले, तू नवा आहेस, होतं असं. पुन्हा त्याच खेपेतली भद्राची अंडी. शून्य. मधे शरावती, छान करंट. पुन्हा भद्राची राखलेली अंडी, दोनदा, दोन्हीदा शून्य.

चार वेळा. माझा तरुण हात, आणि त्याच बेडकीची अंडी कोरडी. म्हणजे अक्का म्हणत होत्या ते खरं होतं.

मी काय करायला हवं होतं? उठून सरांच्या खोलीत जायचं आणि एक वाक्य बोलायचं. जून संपत होता, कमिटीला तीन आठवडे होते. मी ते बोललो नाही. का? आता कारणं सांगतो ती सगळी खरी आहेत आणि सगळी फडतूस आहेत. बेडकीवर करंट ठरतो असं निघालं, तर माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या सगळ्या सरासऱ्या केराच्या टोपलीत. माझा वार्षिक आढावा ऑगस्टमध्ये. शिवाय सर खुशीत होते, आणि माझ्या हातावर खुशीत होते. बंगळूरला आल्यापासून मला कुणी शाबासकी दिली नव्हती, आणि ती मला सोडवेना. मनाशी म्हणायचो, अजून एकदा बघू. खात्री करून घेऊ. विज्ञानात घाई नको. आपल्या भित्रेपणाला असं छान नाव मिळालं की माणूस निवांत झोपतो. मी झोपायचो.

कमिटी बसली. सरांनी पत्रात प्रामाणिकपणे लिहिलं, की बाई अत्यंत कष्टाळू, पण नाजूक कामासाठी हात आता भरवशाचा राहिलेला नाही. जागा दुसऱ्या विभागातल्या कुणाला मिळाली. प्रोजेक्टही त्या महिनाअखेर संपत होता. वाढवायचा कागद सर करणार होते, अक्कांनी नको म्हटलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या टाक्यांचं पाणी बदललं. प्रत्येक बेडकीशी काही तरी बोलल्या. मग वही माझ्या टेबलावर ठेवली. "कोणाला कधी कापलं ते यात आहे. उगाच दोनदा कापू नका." मी म्हटलं, "अक्का..." त्या थांबल्या. चांगल्या थांबल्या, पिशवी हातात धरून. मग म्हणाल्या, "सरी. बस चुकेल," आणि गेल्या.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी मी वही उघडली, तीही कुठली बेडकी विसावली आहे ते बघायला. पान कावेरीचं, आकडे भरघोस, तीन वर्षं. तुंगाचं, तसेच. भद्राचं पान: शून्य, शून्य, जेमतेम, शून्य. तेही तीन वर्षं! म्हणजे हाताची तक्रार निघायच्या कितीतरी आधीपासून. त्या उन्हाळ्यात विशेष काही घडलंच नव्हतं. मी टोचू लागेपर्यंत कावेरी आणि तुंगा विसाव्यावर होत्या, म्हणून भद्रा आणि हेमावतीच्या पाळ्या जास्त आल्या होत्या, इतकंच. अक्कांनी टोचलेले आकडे मी एका कागदावर उतरवून घेतले आणि तो कागद सरांपुढे ठेवला.

सर हुशार माणूस. त्यांना दोन मिनिटं लागली. खुर्चीतून उठले, फळ्याशी गेले, परत आले, बसले. "सीलिंग," एवढंच म्हणाले, म्हणजे करंटची ती वरची मर्यादा. मग हळूहळू बोलू लागले. प्रोटीन एकटं दार बनवतच नाही. दार दुसऱ्याचं, आणि तो दुसरा अंड्यात आधीपासून आहे, बेडकीचा स्वतःचा. आमचं चिलट त्याला जाऊन चिकटतं आणि ते दार किती सावकाश आणि किती मोठं उघडायचं ते ठरवतं. बेडकीकडे तो जोडीदार जेवढा, तेवढाच करंट. आरएनए कितीही ओता. कावेरीकडे तो भरपूर, भद्राकडे जवळजवळ नाही.

"मूठभर पीठ," मी म्हटलं.

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. "मी त्या बाईची जागा घालवली रे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तेव्हाही माझ्या चार शून्यांबद्दल बोललो नाही.

त्याच सुमारास तो मोठा जोडीदार बाहेर कुणाच्या तरी हाती लागला. सरांनी त्यांना पत्र पाठवून तो मागवला. टपालाने टिपकागदावर वाळवलेला डीएनएचा एक थेंब आला. त्याचा आरएनए करून तो भद्राच्या अंड्यांत एकटा टोचला, तर करंट आला, पण लहान आणि झटपट चढणारा. आमच्या प्रोटीनबरोबर टोचला आणि पडद्यावरची रेघ वर सरकू लागली, तीच संथ, जांभईसारखी, मोठी. भद्राच्या अंड्यांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र तिथे थांबले नाहीत, कार्यालयात गेले. तिथे ते तीनदा गेले. फाईल पुढे गेली होती, जागा भरली होती, आणि भरलेली जागा बेडकीसाठी कुणी रिकामी करत नाही.

मग त्यांनी एक पत्र लिहिलं. मराठीत, स्वतःच्या हाताने. तुमचा हात निर्दोष होता, चूक माझी होती, तुमच्या वहीमुळे आम्हाला सत्य कळलं, लेखात तुमचं नाव असेल. ते पत्र आणि वही घेऊन एका रविवारी मी बनशंकरीला गेलो.

अक्कांनीच दार उघडलं. जरा वाळल्या होत्या. हॉलमध्ये पडदा अर्धा सरकवलेला, मागे खाट, उशाशी चष्मा. मला खुर्ची देऊन त्या खाटेच्या कडेला बसल्या. पत्र दोनदा वाचलं. घडी घातली. मी जोडीदाराची सगळी गोष्ट सांगितली, भद्राच्या अंड्यांत रेघ कशी चढली ते सांगितलं. "भद्रा बरी आहे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, बरी आहे.

"म्हणजे माझा हात चांगला होता."

"चांगला होता, अक्का."

त्यांनी मान डोलावली. उजवा हात मांडीवर उलटा ठेवून त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, सुटलो. निघावं म्हणून मी वही पुढे केली.

"पुरी वाचलीस?"

"हो."

"शेवटची पानं?"

"तुम्ही टोचायचं थांबवलंत तिथवर. पुढचं काही..."

त्यांनी वही घेतली, मागून उघडली आणि माझ्या मांडीवर ठेवली. त्यांचं ते ठसठशीत अक्षर, बेडक्यांच्या पानांपासून वेगळं, मागे लिहिलेलं. भद्रा. अंडी चाळीस. हात तम्माचा. शून्य. भद्रा. अंडी तीस. हात तम्माचा. शून्य. चारही दिवस होते. चारही तारखा कमिटीच्या आधीच्या.

"अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंडी निवडून तुझ्या पुढ्यात कोण ठेवत होतं रे? बशी धुवायला कोणाकडे येत होती? तिच्यावर तू आकडा लिहून ठेवायचास."

"मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"माझ्या हाताची साक्ष मीच कशी देऊ? ती तू द्यायची होती." आवाज चढला नव्हता. रागावल्याही नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तीन आठवडे होते. तू रोज सकाळी सरांच्या खोलीत जायचास ना, आकडे घेऊन? मधे नुसती फळीची भिंत. तू आत शिरलास की मी भांडी धुता धुता नळ बंद करायची. ऐकू यावं म्हणून."

मी माफी मागितली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

अक्का उठल्या. "कॉफी घेऊन जा," म्हणाल्या, आणि पडद्यामागच्या दाराने आत गेल्या. मी वही मांडीवर घेऊन बसून राहिलो. बऱ्याच वेळाने कॉफी आली. ती घेऊन त्यांच्या वहिनी आल्या. अक्का पुन्हा बाहेर आल्या नाहीत.